पिल्लाचं बोरन्हाण

आमच्या घरी कुत्र्याचं पिल्लू येणार हे ठरलं त्या संध्याकाळी मी दोन कामं केली. ऑफिसमधून परतताना जनावरांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरबाईंची वेळ घेतली आणि घरी आल्यावर फ्रीजच्या दारावर एक कोरा कागद चिकटवला. माझी सगळी नोकरी एका सरकारी संस्थेच्या भांडारात गेली. बाहेरून आलेली पेटी तपासल्याशिवाय आत घ्यायची नाही, ही शिस्त आता माझ्या स्वभावातच उतरली आहे. पिल्लू म्हणजे पेटी नव्हे हे मलाही कळत होतं. पण कागद लावल्यावर मला बरं वाटलं.

पिल्लू आणणार होती माझी लेक. ती बंगळुराच्या दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते आणि तिथेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. तिच्या मैत्रिणीच्या कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं एक हिनं पसंत केलं आणि मग हिच्या घरमालकानं कुत्रं चालणार नाही म्हणून सांगितलं. "आई, फक्त महिनाभर," ती फोनवर म्हणाली. महिनाभर म्हणजे कायमचं, हे तिला, मला आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या माझ्या सासूबाईंना एकदमच समजलं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "येऊ दे की! घरात कुणीतरी लहान नको काय?"

ते आलं. टोपलीत, जुन्या टॉवेलवर, ढोलकीसारखं पोट घेऊन. संपूर्ण काळंभोर, फक्त एका पायात पांढरा मोजा घातल्यासारखा. मल्लेश्वरममधल्या आमच्या गल्लीत रिक्षा थांबली तेव्हा मी जिन्यावरून धावत खाली गेले. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असं धावू नये असं आमचे हे म्हणतात, पण त्या दिवशी ते माझ्याही पुढे होते.

डॉक्टरबाईंनी पिल्लाला टेबलावर उभं केलं, डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, जंताचं औषध दिलं आणि पहिली लस टोचली. मग मला म्हणाल्या, "अजून डोस आहेत. तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं. शेवटचा होईपर्यंत याचा पाय बाहेरच्या जमिनीला लागता कामा नये. आणि दुसऱ्या कुत्र्यांच्या भेटीगाठी बंद."

"एकदा टोचलं तर पुरत नाही?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"आईच्या दुधातून आलेलं संरक्षण याच्या अंगात अजून थोडं आहे. ते असतं तोवर आमची लस नीट लागू पडत नाही. ते नेमकं कधी संपेल हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं. त्यातला एक तरी डोस बरोबर वेळेवर बसतो."

ही गोष्ट मला फार आवडली. घरी येऊन मी फ्रीजवरचा कागद भरायला घेतला. रोगांची नावं लिहिण्यापेक्षा प्रत्येक रोग घरात कुठल्या वाटेनं शिरतो, तेच मी लिहिलं. पार्व्हो आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून येतो आणि आपल्या चपलांवर, हातांवर, कपड्यांवर बसून घरापर्यंत पोचतो. डिस्टेंपर शिंकांतून आणि खोकल्यातून. लेप्टो उंदरांच्या मुतानं खराब झालेल्या साचलेल्या पाण्यातून, आणि तो माणसांनाही सोडत नाही. गोचिडांचा ताप गोचिडांतून. त्याला लस नाही, अंग रोज चाचपायचं आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध वेळेवर लावायचं. रेबीज चावण्यातून, त्याची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे दर वर्षी न चुकता. वाटा समजल्या की दारं बंद करता येतात. मी चपलांचं कपाट जिन्याखाली हलवलं, दाराशी साबण आणि बादली ठेवली, कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी ओतून दिलं. लेक म्हणाली, "आई, तू विमानतळ चालवायला हवा होतास."

नावावर घरात एकमत होईना. त्यामुळे पिल्लाला आम्ही सगळे पिल्लूच म्हणत राहिलो.

संक्रांत आली तशी सासूबाईंच्या डोक्यात कल्पना आली. आम्ही बेळगावकडचे. आमच्याकडे लहान मुलाच्या पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण करतात. मुलाला काळं झबलं घालून पाटावर बसवायचं, औक्षण करायचं आणि डोक्यावरून बोरं, कुरमुरे, उसाचे करवे, हलवा असं सगळं ओतायचं. खाली पडलेलं लुटायला गल्लीतली पोरं टपलेली असतात. रथसप्तमीपर्यंत केव्हाही केलं तरी चालतं. इथे बंगळुरातही मुलांच्या डोक्यावरून बोरं ओततात, त्यामुळे गल्लीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"त्याची पहिली संक्रांत आहे," सासूबाई म्हणाल्या. "करूया की बोरन्हाण."

"कुत्र्याचं?" आमचे हे.

"तुझं केलं तेव्हा तू काय फार शहाणा होतास होय रे? पाटावरच मुतलास."

लेक हसून हसून खाली बसली. आणि खरं सांगते, मलाही एकदम उत्साह आला. "काळं झबलं शिवायलाच नको," सासूबाई पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "देवानंच घालून पाठवलंय." रविवार ठरला. फक्त माणसं बोलवायची, कुत्री नाहीत, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. मग जिन्नसांवर वाटाघाटी झाल्या. बोरं नाहीत, बिया घशात अडकतात. मनुका मुळीच नाहीत, कुत्र्याला त्या विषासारख्या. ऊस नाही. हलव्याचे दागिने नाहीत, कारण दोरा पोटात गेला तर ऑपरेशन.

"बोराशिवाय बोरन्हाण?" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "मग काय ओतायचं, पाणी?"

शेवटी कुरमुरे आणि गाजराचे बारीक तुकडे मंजूर झाले. एक बोर पिल्लाला लांबून दाखवून परत डब्यात ठेवायचं, असा तह झाला.

शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तेव्हा सासूबाई खुर्चीत ऐटीत बसल्या होत्या. अंगावर चांगली साडी, मांडीवर पिल्लू.

"बोलावणं करून आले," त्या म्हणाल्या. "सगळ्यांकडे कुंकू लावून आले. माणसांनाही आणि पिल्लांनाही."

"पिल्लांना? कुत्री नाहीत म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"मग? लुटायला कुणी नको काय? पोराच्या बोरन्हाणाला पोरं येतात, पिल्लाच्या बोरन्हाणाला पिल्लं नकोत? समोरच्या अक्काचं येणार. कोपऱ्यावरच्या नारळवाल्याच्या कुत्रीची पिल्लं येणार. बँकेतल्या बाईंचं ते बुटकं आहे ना, तेही."

मी पिशवी खाली ठेवली. सासूबाईंचं चुकलं असं मला त्या क्षणीही म्हणता आलं नाही. रीत म्हणून पाहिली तर त्यांचं अगदी बरोबर होतं. लुटणारे नसतील तर ते बोरन्हाण कसलं?

"आई, याचे डोस अजून पुरे झाले नाहीत. त्या सगळ्यांचे झालेत की नाही कुणाला माहीत? एका खोलीत सगळी गोळा करून एकाच ताटातलं खायला घालणार आपण!"

"रोगी असतील तर दिसतील की."

"दिसायच्या आधीपासूनच ते रोग पसरवतात."

त्यांनी पिल्लाला मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आता काय करणार? बोलावणं दिलंय. कुंकू लावून दिलंय."

"परत घ्यायचं."

असा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. "दिलेलं बोलावणं परत घेतात? अगं, लोक तोंडात शेण घालतील!"

आमचे हे पेपर उलगडून म्हणाले, "मी काही येणार नाही बुवा." म्हणजे शनिवारी सकाळी मी आणि लेक निघालो. वाटेत आम्ही काय बोलायचं ते ठरवलं: तुम्ही नक्की या, पिल्लाला मात्र आणू नका, आमच्याच पिल्लाचे डोस राहिलेत. दोष आपल्याकडे घेतला की माणसं चिडत नाहीत, असा माझा अंदाज.

नारळवाल्या अण्णांना काहीच वाटलं नाही. "कुरमुऱ्यांसाठी माझी पिल्लं येतात होय?" ते कन्नडमध्ये म्हणाले आणि जोरात हसले. ती पिल्लं गाडीखाली एकमेकांचे कान चावत होती. त्यांच्या लसीचं विचारलं तर अण्णांनी आभाळाकडे बोट दाखवलं. ते मी मनात टिपून ठेवलं. बँकेतल्या बाई मात्र फुगल्या. "आमच्याला सगळी इंजेक्शनं झालीत. म्हणजे शिकलेल्यांनाच बाहेर ठेवलंत!"

"काकू, आमचं फार चावतं हो," लेकीनं ऐनवेळी ठोकून दिलं. "तुमच्या नाजूक पिल्लाचे कान जायचे."

"मग नकोच," बाई म्हणाल्या आणि चहा विचारला. चहा न घेता आम्ही समोरच्या घरी आलो.

समोर राहणाऱ्या अक्कांचं घराणं किती पिढ्यांपासून बंगळुरात आहे कुणास ठाऊक. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असतं आणि गल्लीत त्यांना सगळे अक्काच म्हणतात. "या, या! तुमच्या आई काल येऊन गेल्या. माझ्या पिल्लाला मांडीवर घेऊन किती वेळ बसल्या! ते तर गप झोपून गेलं."

मी ठरवलेलं वाक्य विसरले. त्या वयाचं पिल्लू अनोळखी मांडीवर गप झोपत नाही. साडीचा पदर ओढतं, बोटं चावतं, खाली उडी मारतं.

"कुठे आहे ते?"

"आत, शिलाई मशीनच्या खाली. काल सायंकाळपासून स्वल्प सुस्त आहे. दोनदा ओकलं. आज सकाळी मजिगे-अन्न, आपला ताकभात हो, दिला, तोही टाकला. काहीतरी खाल्लं असेल हो, होईल बरं."

मी दाराशीच थांबले आणि वाकून आत पाहिलं. पिल्लू मान टाकून पडलं होतं. मागे फरशीवर पातळ, लालसर घाण. आणि तो वास. एकदा तो वास आला की दुसरं काही सुचत नाही. लेकीनं माझा दंड पकडला.

"अक्का, याला लस दिली होती?"

"घरातलं पिल्लू ते. गेटाबाहेर पाऊल नाही त्याचं. त्याला कशाला सुई? लहान जीव."

"ते बाहेर जात नाही, पण बाहेरचं चपलांवर बसून आत येतं. रिक्षा बोलावूया."

"सरी, सरी. पूजा आटोपते, मग सायंकाळी..."

"आत्ता, अक्का! आत्ताच्या आत्ता!"

मी इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. अक्कांनी पिल्लाला टॉवेलात गुंडाळलं, लेक रिक्षा आणायला धावली आणि मी गल्लीच्या मधोमध उभी राहून आमच्या गच्चीकडे हाका मारल्या. सासूबाई कठड्याशी आल्या.

"आई! काल नेसलेली साडी कुठे आहे?"

"अंगावरच आहे! चांगली आहे, एका दिवसात कशाला धुवायची?"

"आणि पिल्लू?"

त्यांनी ते कौतुकानं उचलून दाखवलं. काल अक्कांच्या पिल्लाखाली होती तीच साडी, आणि आज तिच्यावर आमचं पिल्लू. 

"त्याला खाली ठेवा! कशाला हात लावू नका! साडी बादलीत टाका, कोपरापर्यंत साबणानं हात धुवा, आंघोळ करा! लेक येतेय, ती हात धुऊन बाकीचं करेल!"

"झालं काय पण?"

"आल्यावर सांगते!" रिक्षा निघाली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी एका छोट्या पट्टीवर तपासणी केली. आम्ही दोघी पट्टीकडे बघत उभ्या होतो. दुसरी रेघ उमटली. पार्व्हो. अक्का खुर्चीत मटकन बसल्या. पिल्लाच्या पायाला सलाईन लागलं, उलटी थांबवायची इंजेक्शनं झाली. तोंडावाटे सध्या काही देऊ नका म्हणाल्या, आणि दिवसभर तिथेच ठेवून घेतलं. "वेळेवर आणलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण शब्द देत नाही. पुढचे दोन-तीन दिवस कठीण."

मग मी आमचं सांगितलं. साडी, मांडी, सगळं.

त्यांनी थोडा विचार केला. "एक डोस झालाय. कदाचित तेवढा पुरेल, कदाचित नाही. दहा-बारा दिवस लक्ष ठेवा. खाणं सोडलं, ओकलं, मलूल झालं, काहीही दिसलं तर थांबू नका, लगेच आणा. आणि आत आणू नका. दाराबाहेरून फोन करा, मी येते. इथे बाकीची पिल्लं असतात."

रिक्षात अक्कांच्या पिल्लाला लागलेल्या साडीसकट मी वर घरी गेले नाही. खालच्या नळावर हातपाय धुतले, लेकीनं गच्चीवरून टाकलेले कपडे पार्किंगमधल्या बाथरूममध्ये बदलले आणि मगच जिना चढले. त्या दिवशी आमच्या घरात जी मोहीम निघाली, तिची सेनापती मी! सासूबाई फिनाइलची बाटली घेऊन उभ्याच होत्या.

"ते ठेवा. फिनाइलनं पार्व्हो मरत नाही."

"मग इतकी वर्षं मी काय मारत होते?"

"वास," लेक म्हणाली.

आधी सगळं साबणानं घासलं, कारण घाणीवर ब्लीच ओतून उपयोग नसतो. मग पाण्यात ब्लीच मिसळून फरशी, पायऱ्या, दाराचे हँडल, पिल्लाची ताटली सगळं ओलं केलं आणि तसंच दहा मिनिटं ठेवलं. तोवर पिल्लू लेकीबरोबर आतल्या खोलीत कोंडलेलं, दार खरवडत होतं. आमचे हे गुडघ्यापर्यंत विजार दुमडून जिना पुसत होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला खाली थांबवत होते. पेपरवाला, दूधवाला, खालच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक, सगळ्यांना पार्व्होवर व्याख्यान मिळालं. शनिवारी दुपारपर्यंत आमच्या गल्लीतल्या बहुतेक जणांना हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो हे ठाऊक झालं होतं.

रविवारचं बोरन्हाण रद्द झालं. त्याचं कुणाला वाईट वाटायला वेळच नव्हता.  सासूबाई मात्र आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. पिल्लू त्यांच्या पायाशी आलं की त्या पाय वर उचलून घ्यायच्या. हात पदराखाली.

"आता घ्या की त्याला," मी म्हटलं. "तुम्ही स्वच्छ आहात."

"नको. माझ्या मांडीनंच आणलं ते. माझ्यापायी गेलं तर?"

बेळगावात त्यांनी चार मुलं वाढवली, भाच्या-पुतण्यांची बाळंतपणं केली. त्या बाईला मी पहिल्यांदाच स्वतःच्या हातांना घाबरताना पाहिलं. मी सांत्वन करत बसले नाही, मला ते जमतही नाही. मी त्यांना काम दिलं. "याचं खाणं तुम्ही बघायचं. ताटली कोण ठेवतं, किती खातं, किती उरतं. एक घास जरी उरला तरी मला ऑफिसात फोन."

त्या दिवसापासून त्या खुर्चीत बसून पिल्लाच्या तोंडाकडे बघू लागल्या. मी ऑफिसात बसून फोनकडे. रोज जेवणाच्या सुट्टीत फोन यायचा, "चाटूनपुसून खाल्लंय. ताटली चावतंय." लेक आमच्याकडेच राहून घरून काम करू लागली आणि मीटिंगच्या मध्ये पिल्लाचा ताप मोजू लागली.

समोरची खबर गच्चीवरून यायची. अक्का रोज सकाळी पिल्लाला दवाखान्यात नेत आणि सायंकाळी परत आणत. आम्ही एकमेकींच्या घरी जायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे सगळं बोलणं गल्लीच्या वरून, ओरडून.

"अक्का, कसं आहे?"

"उलटी थांबली! स्वल्प पाणी प्यायलं! तुमचं?"

"तसंच आहे! चप्पल खातंय!"

"खाऊ दे! खाऊ दे!"

तिसऱ्या की चौथ्या दिवशी अक्का गच्चीवर आल्या त्या दोन्ही हात वर करूनच. "शेपूट हलवलं! डॉक्टरबाईला बघून शेपूट हलवलं!" खालून जाणारा रिक्षावाला ब्रेक मारून वर बघायला लागला. मी ऑफिसला निघाले होते, तिथेच जिन्यात उड्या मारल्या.

आणि नेमका त्याच दिवशी दुपारी फोन आला. सासूबाईंचा आवाज ओळखू येत नव्हता. "खात नाहीये. वास घेतला आणि तोंड फिरवलं. कोपऱ्यात जाऊन पडलंय."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षा पकडली. यशवंतपूरच्या बाजूनं येताना सगळे सिग्नल लाल. मी रिक्षावाल्याला पार्व्हो समजावून सांगत होते आणि तो "सरी मॅडम, सरी मॅडम" म्हणत आणखी जोरात चालवत होता. घरी पोचले तर लेक थर्मामीटर धरून. "ताप नाही. ओकलं नाही. पण पोट फुगलंय." सासूबाई देवापुढे नव्हत्या, पिल्लापुढे बसल्या होत्या. जमिनीवर. इतके दिवस अंतर ठेवून राहिलेल्या त्या बाईनं त्याच्या पोटावर हात ठेवला होता आणि पिल्लू त्यांच्याकडे पाहून शेपूट आपटत होतं.

"शेपूट हलवतंय," मी म्हटलं. "आजारी पिल्लू असं नाही करत."

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दुसरं काही खाल्लंय का त्यानं?"

"नाही," मी ठामपणे सांगितलं. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून आमच्या ह्यांचं खाकरणं ऐकू आलं. त्यांची त्या दिवशी सुट्टी होती.

"मी एक गूळपोळी दिली होती," ते दाराशी येऊन म्हणाले. "म्हणजे दीड. इतकं आशेनं बघत होतं ते..."

डॉक्टरबाई फोनवर हसल्या. पाणी द्या, रात्रीपर्यंत काही देऊ नका, ओकलं तर मात्र लगेच या, असं सांगितलं. मी हसत होते की रडत होते सांगता येत नाही. पण सासूबाई उठल्या. साठीला टेकलेल्या आपल्या मुलापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"इथं मी जीव मुठीत धरून बसलेय आणि तू चोरून गूळपोळ्या चारतोस? लाज नाही वाटत? उद्यापासून तुझंही खाणं मीच बघणार!"

रात्री पिल्लानं सगळी ताटली साफ केली आणि वर सासूबाईंच्या पायाचा अंगठा चावला.

बारा दिवस झाले तरी काही झालं नाही. दुसऱ्या डोसची तारीख आली तेव्हा डॉक्टरबाईंनी पिल्लाला वर-खाली तपासलं आणि म्हणाल्या, "हे सुटलं." लस टोचताना ते किंचाळलं आणि आम्ही चौघं टाळ्या वाजवत होतो. बाहेर रांगेत बसलेल्या लोकांनी आमच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. मी त्या संधीचा फायदा घेऊन डॉक्टरबाईंकडून आणखी एक गोष्ट मिळवली. येत्या महिन्यात त्या आमच्या गल्लीत येऊन नारळवाल्या अण्णांच्या पिल्लांना आणि बाकी भटक्या कुत्र्यांना लस टोचणार. त्याची तयारी मी घेतली. कोण कुणाला पकडेल, कुठल्या गेटात आणेल, चिकन कोण शिजवेल, सगळं. बँकेतल्या बाईंनी स्वतःहून चिकनचं पातेलं कबूल केलं आणि वर म्हणाल्या, "आता तरी मला यादीत घेतलंत!"

रथसप्तमी अजून व्हायची होती. बोरन्हाण केलं. या वेळी फक्त माणसं. लुटायला खालच्या प्राध्यापकांची नातवंडं आणि गल्लीतली आणखी काही पोरं, सगळ्यांच्या चपला खाली, सगळ्यांचे हात साबणानं धुतलेले. मी दाराशी उभी राहून प्रत्येकाचे हात हुंगून आत सोडत होते. अक्कांना मात्र आत येता येणार नव्हतं. त्यांचं पिल्लू घरी आलं होतं, हडकलेलं, पण चालत होतं. ते अजून काही आठवडे आपल्या विष्ठेतून रोग पसरवू शकतं, म्हणून आम्हीच त्यांना विनंती केली होती. त्या समोरच्या गच्चीत खुर्ची टाकून बसल्या, पिल्लाला शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन. हातात बोरांची वाटी होती.

"इथून टाकते हं!" त्यांनी नेम धरला.

"अक्का, नका! नका टाकू!" आम्ही सगळे ओरडलो. त्यांनी जीभ चावली आणि वाटी मागे लपवली.

पाट मांडला. सासूबाई पुढे आल्या, पदर खोचला, पाटावर मांडी घालून बसल्या आणि दोन्ही हात पसरले. मी पिल्लाला त्यांच्या मांडीवर ठेवलं.  त्यांनी त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तेही काही गप झोपलं नाही. पदर ओढला, काकणं चावली, निरांजनाकडे झेप घेतली, लेकीनं ताम्हण वर उचललं. ठरलेलं बोर त्याला लांबून दाखवलं आणि डब्यात बंद केलं. मग मी सूप तिरकं केलं आणि कुरमुरे आणि गाजराचे तुकडे दोघांच्या डोक्यावरून सरसर खाली आले. पिल्लू हवेतच झेलायला उड्या मारू लागलं. सासूबाईंच्या पांढऱ्या केसांत कुरमुरे अडकले, पोरं सतरंजीवर झेपावली, आमचे हे पिल्लाच्या तोंडासमोरचा एक तुकडा उचलून स्वतःच खाऊन मोकळे झाले.

लेकीनं औक्षणाचं गाणं सुरू केलं. आम्ही सूर लावेपर्यंत समोरून अक्कांचा आवाज आला.

"जोरात म्हणा की! आम्हाला इकडे ऐकू येत नाही!"

सासूबाईंनी कुरमुऱ्यांनी भरलेलं डोकं वर केलं आणि सगळ्यांत मोठ्यानं त्याच म्हणायला लागल्या.